झरोका बुजवावा का?

जुने स्वयंपाकघर बदलायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती फरशीची आणि रंगाची. आमच्याकडेही तसेच झाले. साताऱ्याजवळच्या गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे. तिथल्या स्वयंपाकघरात शेवटचा मोठा बदल झाला तो १९७८ साली. चूल जाऊन गॅस आला, आणि बसून करायचा स्वयंपाक उभ्याने करण्यासाठी कडप्प्याचा ओटा बांधला गेला. पुढे पंचेचाळीस वर्षे त्या खोलीला कोणी हात लावला नाही. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही तो लावला.

खोली १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ९ फूट उंच. मागच्या भिंतीत छताच्या लगत एक झरोका होता. फूटभर लांब, आठ इंच उंच, काजळीने काळा झालेला. गवंडी म्हणाला, ‘‘सर, ह्याचं आता काय काम? चूल तर गेली. बुजवून टाकू, तेवढंच वर कपाट बसंल.’’ आई म्हणाली, ‘‘आणि धूर कुठनं जाईल?’’ आम्ही हसलो. गॅसला कुठे धूर असतो? झरोका बुजला, त्यावर प्लायवूडचे कपाट बसले आणि शेगडीच्या वर एक चिमणी आली. तिला बाहेर जाणारा नळ नव्हता; हवा ओढून, जाळीतून आणि कोळशाच्या चाळणीतून गाळून ती पुन्हा खोलीतच सोडणारी होती.

जुलैमध्ये मागची भिंत ओली दिसू लागली. ऑगस्टमध्ये कपाटाच्या पाठीमागे बुरशी आली, आणि आईचा खोकला, जो एरवी थंडीत सुरू व्हायचा, तो श्रावणातच सुरू झाला. भिंत गळते आहे असे सर्वांचे मत पडले. आम्ही बाहेरून गिलावा करून घेतला, कौले चाळून घेतली. ओल तशीच. मग एकदा चार दिवस घर बंद ठेवून आम्ही परगावी गेलो. चारही दिवस पावसाची झड होती. परत आलो तर भिंत कोरडी! पाणी बाहेरून येत असते तर या चार दिवसांत भिंत जास्त ओली व्हायला हवी होती. या चार दिवसांत बाहेर काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की घरात शेगडी पेटली नव्हती.

प्रयोगशाळेत दिवसभर ज्वलनाचीच समीकरणे हाताळणाऱ्याला ही गोष्ट घरात सुचायला तीन महिने लागले, हे कबूल केले पाहिजे. हिशेब शाळेतला आहे. आपल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. म्हणजे त्याचा रेणुभार ४४. जळताना कार्बनच्या ३ अणूंपासून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू होतात, त्यांचा भार १३२. हायड्रोजनच्या ८ अणूंपासून पाण्याचे ४ रेणू होतात, त्यांचा भार ७२. थोडक्यात, ४४ ग्रॅम प्रोपेन जळाला की ७२ ग्रॅम पाणी तयार होते. ब्युटेनसाठी हेच आकडे ५८ आणि ९० असे येतात. दोन्हींचा मेळ घातला तर १ किलो गॅसपासून सुमारे १.६ किलो पाणी आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपेपर्यंत शेगडीतून २२ लिटरांहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडलेले असते! वर्गात हा आकडा सांगितला की मुलांचा विश्वास बसत नाही. चौदा किलोच्या टाकीतून बावीस किलो पाणी आणि वर सुमारे त्रेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघेल? हा प्रश्न मुलांकडूनच यावा, आपण घाई करू नये. उरलेले सुमारे ५१ किलो वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे. हवेत वजनाने ऑक्सिजन २३ टक्के असतो, म्हणजे एक सिलिंडर संपवताना आपण जवळजवळ २२० किलो हवा वापरतो. टाकी विकत घ्यावी लागते म्हणून ती मोजली जाते. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आमच्याकडे सिलिंडर साधारण ३५ दिवस जातो. म्हणजे रोज ४०० ग्रॅम गॅस, आणि रोज ६०० ग्रॅमहून जास्त पाण्याची वाफ. वरणभाताची आणि चहाची वाफ वेगळीच. एवढी वाफ हवेत मावते का? २४ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम बाष्प राहू शकते. आमच्या खोलीचे घनफळ २० घनमीटर आहे, म्हणजे एकूण जागा ४४० ग्रॅमची. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातली ३९६ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. शिल्लक ४४ ग्रॅम. म्हणजे खोली बंद असेल तर अवघा २८ ग्रॅम गॅस जाळल्यावर, सकाळचा चहा होईपर्यंतच, तिची बाष्प सामावण्याची क्षमता संपते. शेगडीजवळची हवा गरम असल्यामुळे ती जास्त बाष्प धरते हे खरे, पण तीच हवा वर चढून कपाटामागच्या थंड भिंतीला टेकली की ते बाष्प तिथेच सोडते. उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर थेंब जमतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच की पेला पुसता येतो. कपाटामागची भिंत पुसता येत नाही, आणि प्लायवूड, पिठाचे कण व ओल एकत्र आले की बुरशीला आणखी काही लागत नाही.

ओल निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या गोष्टींचा हिशेब जास्त गंभीर आहे. सकाळच्या दीड तासाच्या स्वयंपाकात २०० ग्रॅम गॅस जळतो असे धरू. त्यातून ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचे आकारमान होते सुमारे एकतृतीयांश घनमीटर. वीस घनमीटरच्या खोलीत तो पसरला आणि कोठूनही बाहेर गेला नाही, तर त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या वर जाईल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्का असते. म्हणजे चाळीस पट! खोली अर्थात पूर्ण बंद नसते, दारा-खिडक्यांच्या फटींतून बरेच काही येत-जात असते. पण पावसाळ्यात आणि थंडीत आपण त्या फटीही बंद करत असतो.

दुसरी गोष्ट अशी की ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते. मग कार्बन डायऑक्साइडऐवजी काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने जोडला जातो. ज्योत निळी असेल तर ज्वलन ठीक चालले आहे. ती पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे पडू लागले तर बर्नरची भोके आणि हवा आत घेणारी जागा साफ करावी. बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅसच्या गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांमागे हेच कारण असते. तिसरा वायू म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. हा मात्र ज्योत उत्तम निळी असली तरी तयार होतो, कारण ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजन व ऑक्सिजनचा संयोग होतो. दमा असणाऱ्यांना तो त्रासदायक आहे. याशिवाय फोडणीचा आणि तळणाचा धूर. तेल फार तापवून तळताना निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकले. चुलीतील लाकूडफाट्याचा धूरही तेव्हा याच गटात गेला. तेव्हा ‘गॅसला कुठे धूर असतो’ हे आमचे म्हणणे अर्धेच खरे होते. आईचा प्रश्न बरोबर होता.

नळ नसलेली चिमणी यातले काय थांबवते? तिची जाळी तेलाचे थेंब अडवते, कोळसा वास शोषतो. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे सगळे तिच्यातून जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणजे खोलीतच परत येतात. चिमणी घ्यायचीच असेल तर भिंतीबाहेर नळ काढलेलीच घ्यावी, नाहीतर साधा एक्झॉस्ट पंखा बरा. आणि पंखा लावला तरी खोलीत हवा येण्यासाठी दुसरीकडे वाट हवी. सगळी दारे-खिडक्या लावून पंखा फिरवणे म्हणजे बूच बसवलेल्या बाटलीतून हवा ओढण्यासारखे आहे. वर्गात एक उदबत्ती आणि पुठ्ठ्याचे खोके घेऊन हे दाखवता येते. खोक्याला वर एक भोक पाडा, आत उदबत्ती ठेवा. धूर भोकाशी घुटमळतो. खाली दुसरे भोक पाडले की वरून धुराची सरळ रेघ निघते.

झरोक्याचे काम हेच होते, आणि तेही विजेशिवाय. हवा तापली की पसरते आणि हलकी होते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर ती सुमारे तीन टक्के हलकी असते. वरचा झरोका आणि खालची खिडकी यांत दोन मीटरचे अंतर धरले तर दोन्हींमधला दाबाचा फरक होतो एक पास्कलपेक्षाही कमी, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या लाखाव्या हिश्शाहून थोडा लहान. पण हवेला हलवायला तेवढा पुरतो. आमच्या झरोक्याच्या मापावरून हिशेब केला तेव्हा तासाला सुमारे १०० घनमीटर हवा बाहेर जात असावी असे उत्तर आले. म्हणजे खोलीतली हवा तासात पाच वेळा बदलत होती. शिवाय शेगडीवरून उठणारी गरम हवा सरळ वर जाऊन छतालगत साचते, आणि झरोका नेमका तिथेच होता. जुन्या घरांतल्या सगळ्याच गोष्टी शहाणपणाच्या होत्या असे आमचे म्हणणे नाही. त्याच झरोक्याखाली चुलीसमोर बसून बायकांनी वर्षानुवर्षे धूर गिळला, कारण चुलीच्या मानाने तो झरोका फारच अपुरा होता. पण चुलीला अपुरा पडलेला झरोका गॅसला नकोच, हा आमचा निष्कर्ष चुकीचा होता.

ऑक्टोबरात गवंड्याला पुन्हा बोलावले. कपाटाचा वरचा कप्पा काढून झरोका मोकळा केला आणि त्याला बारीक जाळी बसवली. याच वेळी जमिनीलगत आणखी एक जाळीदार भोक पाडून घेतले. त्याचे कारण वेगळे आहे. न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर तो पाण्यासारखा खाली उतरून जमिनीवर पसरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आमच्या खोलीत तो सगळीकडे सारखा मिसळला तर यासाठी सुमारे ८०० ग्रॅम गॅस लागेल. पण तो सारखा मिसळत नाही, खालच्या फूटभर थरात साचतो, म्हणून याच्या लहानशा भागानेही धोका निर्माण होतो. मूळ गॅसला वास नसतो. आपल्याला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या गंधकयुक्त पदार्थाचा. वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. शहरांत नळाने येणारा वायू हा मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. त्याच्यासाठी वरचा झरोका महत्त्वाचा आहे. गॅसची गळती सांगणारे यंत्र बसवतानाही हे पाहावे लागते. टाकीच्या गॅससाठी ते जमिनीजवळ, नळाच्या वायूसाठी छताजवळ.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जुना कडप्पा काढून पांढरा संगमरवर घालावा असा एक आग्रह होता. दुकानातून तुकडा आणून आम्ही त्यावर लिंबाचे चार थेंब टाकले आणि पाच मिनिटांनी पुसले. चकाकी गेलेला डाग स्पष्ट दिसला. संगमरवर, कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे चारही मूलतः चुनखडीचे दगड. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, आणि आपल्या स्वयंपाकात लिंबू, चिंच, कोकम, ताक यांच्यावाचून पान हलत नाही. ग्रॅनाइट सिलिकेट खनिजांचा असतो, त्यावर लिंबाचा परिणाम होत नाही. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड भूशास्त्रज्ञांच्या लेखी बहुधा ग्रॅनाइट नसतोच, पण लिंबाच्या परीक्षेत तोही उत्तीर्ण होतो. दगडांच्या दुकानातून फुटके तुकडे फुकट मिळतात. शाळेसाठी ते अवश्य आणावेत.

वायरी सगळ्या बदलल्या. १९७८ मध्ये त्या खोलीत एक दिवा होता. आता दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावायची तर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट. म्हणून जाड तार, वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच घेतला. फ्रीजला हात लावला की आईला मुंग्या यायच्या आणि ती चपला घालून फ्रीज उघडायची. अर्थिंगची तार तुटलेली होती, किती वर्षांपासून कोणास ठाऊक. दिवाही हलवला. आधी तो खोलीच्या मध्यभागी होता, त्यामुळे ओट्याशी उभे राहणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडायची. आता तो ओट्याच्या वर, भिंतीला आहे.

ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वाद झाला ती म्हणजे ओट्याची उंची. जुना ओटा ३६ इंच, म्हणजे ९१ सें.मी. उंच होता. आईची उंची १४९ सें.मी. आहे. माणूस ताठ उभा असताना त्याचे कोपर साधारणपणे उंचीच्या ६३ टक्क्यांवर असते. आईचे ९४ सें.मी.वर येते. हाताने करायच्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या दहाएक सें.मी. खाली असावा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकत नाही. त्या हिशेबाने ओटा ८४ सें.मी.च्या आसपास हवा होता. त्यात ओट्यावर पाच इंचांची शेगडी, शेगडीवर आठ इंचांचे पातेले. पातेल्याचा काठ येतो जमिनीपासून १२४ सें.मी.वर, आईच्या खांद्याच्याही किंचित वर. वरण शिजले की नाही हे तिला पंचेचाळीस वर्षे वासावरून आणि आवाजावरून कळत आले. पाहायचे असेल तेव्हा ती पाटावर चढायची. तो पाट ओट्याखालीच असायचा आणि त्याच्यावर दोन पावलांच्या जागा झिजून खोलगट झालेल्या आहेत. आम्ही तो लहानपणापासून पाहत होतो. त्याचा अर्थ टेप हातात घेतल्यावर लागला.

हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातील नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील मुदपाकखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा खोलीत पावले किती पडतात, हात कोठे पोचतो हे मोजून त्यांनी सगळी मांडणी केली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली, आणि आजच्या सलग ओट्याच्या स्वयंपाकघराचे मूळ तिथे सांगितले जाते. एका वेळी एकच व्यक्ती काम करील अशीच ती खोली होती, ही तिच्यावरची टीकाही रास्त आहे. आमच्याकडे तर १४९, १६० आणि १७२ सें.मी. उंचीची तीन माणसे त्याच ओट्याशी उभी राहतात.

शेवटी तीन उंचीचा ओटा केला. शेगडीचा भाग २८ इंच, चिरण्या-निवडण्याचा ३२ इंच आणि भांडी घासण्याच्या सिंकचा काठ ३४ इंच. सिंकचा काठ सर्वांत उंच का, असे गवंड्याने विचारले. घासताना हात काठावर नसतात, सात इंच खाली, सिंकच्या तळाशी असतात. भांडी आम्ही दोघे घासतो, आमची कोपरे वर आहेत, म्हणून काठही वर. ‘‘तीन पायऱ्यांचा ओटा पैल्यांदाच बांधतोय,’’ असे तो दोनदा म्हणाला, पण काम चोख केले. सिंकखालचा नळ त्याने सरळ खाली सोडला होता, तेवढा मात्र बदलायला लावला. तो वाकडा असावा लागतो. त्या वाकात साचलेले दोनएक इंच पाणी गटाराची हवा आणि झुरळे अडवते. घर बरेच दिवस बंद राहिले की ते पाणी वाळते आणि मग वास येतो. जाताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर तेल ओतले की बाष्पीभवन मंदावते.

या पावसाळ्यात मागची भिंत कोरडी राहिली. आईचा खोकला पूर्ण गेला असे म्हणता येणार नाही, तिचे वय ७६ आहे आणि त्यातली पंचवीसेक वर्षे चुलीपुढची आहेत. पण श्रावणात तो आला नाही. कणीक मळण्यासाठी मात्र तिला नवा ओटाही उंच वाटतो, आणि तेही बरोबर आहे. मळताना नुसते हात पुरत नाहीत, अंगाचे वजन वरून टाकावे लागते, त्यासाठी परात कोपराच्या बरीच खाली हवी. ती जुना पाट जमिनीवर मांडते, त्यावर बसून परात पुढे ओढते. पाट सुताराकडे देऊन गुळगुळीत करून आणू का, असे विचारले तर नको म्हणाली.